काया-पांढरा फोटो

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालून घामाघूम हिंडत होत्या, आणि ते ब्लाउज मीच शिवलेले होते. नंदुरबारात चैत्र-वैशाखात अंगावर पदरसुद्धा जड होतो. एरवी अशा दिवसांत कोणी बंद गळा आणि पूर्ण बाही मागितली असती, तर डोकं ठिकाणावर आहे का, असं मी तोंडावर विचारलं असतं. माझं तोंड गल्लीत प्रसिद्ध आहे. पण ही जुन्या सिनेमाची फॅशन होती, आणि ती आणली होती माझ्याच धाकट्या बहिणीनं. तिला त्या बाह्या कशासाठी हव्या होत्या हे मला फार उशिरा कळलं. अजून थोडा उशीर झाला असता तर काय, हा विचार मी आजही पुरता करत नाही.

मायच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाईकाम चालतं. ब्लाउज, फॉल, पिको. बहिणीला शिवण कधी जमली नाही, सुईत दोरा ओवायलाही ती मला हाक मारायची. पण कपड्याकडे बघायचं कसं, ते तिला कळायचं. लहानपणी सुटीत दुपारी टीव्हीवर जुने सिनेमे लागत. माय खिडकीला ओलं पोतं बांधायची आणि आम्ही दोघी फरशीवर पाणी शिंपडून पालथ्या पडायचो. गोष्टीत काय चाललंय याच्याशी बहिणीला देणंघेणं नसायचं. ती फुग्याच्या बाह्या बघायची, बोट गळा बघायची, ठिपक्यांच्या कापडाला कमरेशी बांधलेला बो बघायची. नायिका ओक्साबोक्शी रडत असली की ही म्हणायची, रडताना पण पदर कसा चापूनचोपून बसलाय बघ.

सिनेमांचे शेवट मात्र आम्ही फारसे पाहिलेच नाहीत. शेवटाची वेळ आणि भारनियमनाची वेळ एकच. नायिका पेटी घेऊन स्टेशनवर उभी राहायची, गाडीची शिट्टी व्हायची, आणि पडद्यावर एक पांढरा ठिपका उरून तोही विझायचा. मग आम्ही आपापला शेवट लावायचो. मी सगळ्यांना मारून मोकळी व्हायचे. तिच्या शेवटात नायिका गाडीत बसून आईकडे परत यायची, सिनेमा कुठला का असेना. मोठी मी, त्यामुळे माझाच शेवट खरा धरला जायचा आणि ती फुरंगटून बसायची.

रंगांवरून आणखी भांडणं. काळ्या-पांढऱ्या सिनेमात नायिकेचा ब्लाउज खरा कुठल्या रंगाचा असेल? मी लाल म्हटलं की ती हिरवा म्हणणार. निकाल लावायला आम्ही बाजारात चाचांच्या कापडाच्या दुकानात जायचो. अस्तर आणि ब्लाउजचं टू बाय टू कापड अजूनही त्यांच्याकडूनच येतं. तरुणपणी त्यांनी तंबूतल्या सिनेमाची रंगीत पोस्टरं भिंतींवर चिकटवली होती, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा.

"लाल कपडा सिनेमामा काया दिखस, बेटी. पिवया पांढरा दिखस," चाचा सांगायचे. "हिरवा अन जांभया तर वळखूच येत नही."

काया म्हणजे काळा. आमच्या अहिराणीत ळ जिभेवर चढत नाही, काळ्याचा काया होतो आणि पिवळ्याचा पिवया. बहिणीनं शाळेत कावळ्याचा रंग काया असं लिहिलं, तेव्हा बाईंनी साऱ्या वर्गासमोर हसून सांगितलं की काया म्हणजे शरीर. तेव्हापासून ती हट्टानं काया-पांढराच म्हणत राहिली.

हातात कॅमेऱ्याचा मोबाइल आला तेव्हा आम्ही चाचांची परीक्षा घेतली. खाटेवर माझ्या चिंध्या पसरल्या आणि त्यांचा काळा-पांढरा फोटो काढला. चाचा खरे निघाले. लाल चिंधी काळपट, पिवळी जवळजवळ पांढरी, हिरवी आणि जांभळी अगदी एकसारख्या करड्या. बहीण टाळ्या पिटत होती. मायची हळदीचे डाग पडलेली साडी नेसून तिनं फोटो काढून घेतला, आणि फोटोत साडी पांढरीशुभ्र.

"म्हंजे काहीबी लपाडता येस," ती म्हणाली. मीही हसले होते.

तिचं लग्न नवापूरला झालं. जावयाचे गावाबाहेर कोंबड्यांचे शेड आहेत. माणूस गोड बोलणारा, आवाज कधी न चढवणारा. मायच्या पाया पडायचा, माझ्या मुलांना खांद्यावर घ्यायचा. असा जावई मिळायला नशीब लागतं, असं गल्ली म्हणायची आणि आम्हीही मान डोलवायचो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या कोंबड्या मरायला लागल्या. उष्मा वाढला की पक्षी माना टाकतात. पत्र्यावर ओली पोती घाला, पंखे लावा, पाणी फवारा, तरी रोज टोपलीभर जातातच. बहीण फोनवर एवढंच सांगायची, आज परत मेल्या. ते सांगताना तिचा आवाज एवढा दबलेला असायचा की मला वाटायचं, हिला काय झालं, कोंबड्यांचं एवढं कशाला मनावर घ्यायचं?

त्याच सुमाराला बाह्या लांबायला लागल्या.

आधी कोपरापर्यंत. मग कोपराच्या खाली. मग मनगटापर्यंत, आणि पाठोपाठ बंद गळा, त्याला उभी कॉलर. दर वेळी ती जुन्या सिनेमातल्या नायिकेचा फोटो पाठवायची, अशी बाही, अशी कॉलर, काठाला अशी लेस. जी बाई माप द्यायला येऊ शकत नाही ती मापाचा ब्लाउज पाठवते, ही आमच्या धंद्याची जुनी रीत. बहिणीचा मापाचा ब्लाउज सुरतेकडून येणाऱ्या गाडीनं, ओळखीच्या बाईच्या पिशवीतून यायचा. एकदा आला तो मुंढ्यापाशी, बाही खांद्याला जोडतात तिथे, फाटलेला. कापड झिजलं की आधी शिवण उसवते. इथे माझी शिवण जागच्या जागी होती आणि शेजारचं कापड टरकलं होतं. विचारलं तर म्हणाली, शेडच्या जाळीत अडकला. चांगल्या कापडाची वाट लावलीस म्हणून मी तिला फोनवर झापलं.

नवा ब्लाउज पोचला की ती त्यातला फोटो स्टेटसला टाकायची. काया-पांढरा, जुन्या सिनेमासारखा. केस मधोमध भांग पाडून बसवलेले, मान किंचित वळवलेली, नजर कॅमेऱ्यावर नाही. खरंच सुंदर दिसायची. गल्लीतल्या पोरी ते फोटो घेऊन माझ्याकडे यायच्या.

"अशीच बाही मन्हीबी शिवी दे," म्हणायच्या.

माझ्या मशीनवर पूर्ण बाह्यांचा ढीग पडला. लग्नाच्या मांडवात या बाया पदरानं वारा घेत, पाण्याचे ग्लासवर ग्लास रिचवत, पण बाही कोणी वर सारत नव्हती. मला गंमत वाटायची. धाकटीनं गल्लीला उकडून काढलं, असं मी चाचांनाही सांगितलं. एकटी माय कुरकुरायची.

"इतला उनायामा इतली लांब बाही? पोरले गरम व्हत नही का?"

"फॅशन शे ती, माय. तुले नही समजाव."

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. आखाजीला आमच्याकडे सासरी गेलेल्या मुली, आमच्या भाषेत आंडेरी, माहेरी येतात. पितरांची घागर भरली जाते, आमरस होतो, आणि दारच्या कडुनिंबाला झोके बांधून त्या गाणी म्हणत बसतात. त्याआधी बहिणीचा फोन आला.

"ताई, बाहीना मनगटले हूक लावजो. एक नही, दोन."

"कसाले?"

"झोकावर हात वर करा का बाही सरकी जास."

मी दोन हूक लावले. घट्ट लावले, माझ्या हातचा हूक सहजी सुटत नाही. आज ते आठवलं की बोटांना कसंतरी होतं.

हूक लावलेल्या ब्लाउजचा फोटो आला त्या दुपारी शेजारीण माझ्याकडे बसली होती. तिला कॉलर आवडली, म्हणून मीही फोटो मोठा करून कॉलरची बसवण बघायला लागले. बहीण खिडकीपाशी उभी होती. उजेड तिच्या डाव्या गालावर पडत होता. सावली उजव्या गालावर पडायला हवी, ती होतीही. पण डाव्या गालावरही, कानाच्या बाजूला, एक करडा पट्टा होता. तसाच एक कॉलरच्या वर अर्धवट दिसत होता. उजेड असलेल्या बाजूला सावली कशी पडेल?

शेजारणीला मी काहीतरी सांगून वाटेला लावलं. मग चिंध्यांच्या गाठोड्यातून जांभळा तुकडा काढला, खिडकीपाशी जाऊन स्वतःच्या गालाला लावला आणि तसाच फोटो काढला. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. तोच करडा रंग. मी मशीनच्या स्टुलावर बसले. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, काया म्हणजे शरीर. आमचा काया म्हणजे काळा. त्या फोटोत दोन्ही एकच झाले होते. मग मी मागचे सगळे फोटो काढून बघत गेले, आणि बाही कधी किती लांबली तेही आठवत गेले.

मी फोन लावला. उचलला जावयानं.

"ती शेडवर गयी शे, ताई. फोन आठेच ऱ्हायी गया." आवाज नेहमीसारखा मऊ. "अन आखाजीले यंदा जमाव नही. कोंबड्या मरी ऱ्हायन्यात. घरमा माणूस लागस."

रागानं माझ्या कानशिलात घण पडत होते. तोंडात आलेलं सगळं बोलले असते, तर त्याचा हिशेब फोन ठेवल्यावर तिच्याकडून घेतला गेला असता. एवढं कळायला मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी जीभ आवरली आणि धंद्याचं बोलले.

"तिना नवा ब्लाउज बेतना शे. बंद गळाले मापना ब्लाउज चालस नही. माप लेवाले मीच येस."

तो हसला. "या ना, ताई. तुमनंच घर शे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी नवापूरला उतरले, तर तो स्वतः मोटारसायकल घेऊन स्टेशनबाहेर उभा. माझी पिशवी त्यानं हातातून घेतली. वाटेत उसाचा रस पाजला. मी त्याच्या मागे बसून त्याच्या मानेकडे बघत होते. घरी त्यानं चहा सांगितला, चहा संपेपर्यंत समोरून हलला नाही. बहीण चहा ठेवून आत गेली, माझ्याकडे तिनं मान वर करून बघितलंही नाही. ऊन तापलं तसा शेडवरून फोन आला. तो उठला आणि आपल्या आईला एवढंच म्हणाला, "आठेच बठ."

त्याची आई खोलीच्या दारातच बसून राहिली. मी आत बहिणीजवळ जाऊन टेप काढली. छाती, कंबर, उंची. दंडाला टेप लावली तशी बहिणीनं श्वास आत ओढला. बाहीवरूनच, तेही हलक्या हातानं लावली होती. मी टेप सैल सोडली. आमचे दोघींचे चेहरे एकमेकींपासून वीतभर अंतरावर होते आणि दारात तिची सासू होती. मी बाहीची उंची घ्यायला लागले.

तेव्हा बहीणच बोलली. अगदी सहज, दुपारचा वेळ घालवायला बोलावं तसं.

"ताई, त्या सिनेमामा ती स्टेशनवर पेटी लई उभी ऱ्हास. त्याना शेवट काय व्हता व?"

लाइट गेली होती, आपण पाहिलाच नाही, हे तिलाही माहीत होतं. माझा शेवटही तिला माहीत होता. ती टेपकडे बघत उभी होती.

"ती घर वापस येस," मी म्हटलं.

"कोनी सांगं तुले?"

"मी सांगस ना."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थेट कॉलरवर. मी टेप गुंडाळली आणि दाराकडे वळले. म्हातारीला काय सांगायचं, खोटं बोलायचं की पाया पडायचं, की सरळ ढकलून बाहेर पडायचं, काही ठरलं नव्हतं. म्हातारी आमच्याकडे बघतच होती. तिच्या अंगावर जुन्या पद्धतीचा, मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज होता. या वयाच्या बायका घालतात तसाच, म्हणून लग्नापासून कितीदा बघूनही मी त्याच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. ती एका हातानं दुसरं मनगट चोळत होती.

"आखाजीले आंडेर मायेरले जास," ती म्हणाली. "लई जाय तिले. दुपारनी गाडी शे."

"अन तुम्ही, मावशी?"

"मी आठेच बठसू. तेनी सांगेल शे ना."

आम्ही मागच्या दारानं निघालो. बहिणीनं पिशवीसुद्धा घेतली नाही. उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि नेमकं तेच नको होतं, लांबून कोणालाही दोघी दिसल्या असत्या. फलाटावर नळाच्या आडोशाला आम्ही उभ्या राहिलो. बाहेर रस्त्यावर कुठलीही मोटारसायकल वाजली की बहीण माझा हात दाबायची. गाडीला उशीर होता. एक मोटारसायकल स्टेशनच्या दारात येऊन थांबली, तिचा स्टँड लावल्याचा आवाज आला, आणि बहीण मला म्हणाली, तू जा, मी परत जाते, मी त्याला सांगते की तुला पोचवायला आले होते. मी तिचा हात सोडला नाही. मोटारसायकलवाला दूध पोचवणारा निघाला. शिट्टी ऐकू आली तेव्हा माझी साडी पाठीला चिकटली होती. मी तिला आधी डब्यात चढवलं.

घरी मायनं बहिणीच्या एका मनगटाचे हूक काढले. दोन्ही. तिनं बाही वर सारली, आणि मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

जावई लगेच आला नाही. फोनवर गोडच बोलत राहिला. आखाजी झाली की न्यायला येतो, म्हणाला. आखाजीच्या सकाळी माय घागर पुजत होती, बाहेर झोके बांधले जात होते, आणि बहीण माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. तोच ब्लाउज अंगात.

"ताई, बाह्या कापी टाक."

"सारी गल्ली दखी."

"दखू दे."

अंगावर ब्लाउज असतानाच मी मुंढ्यापासून कात्री चालवली. तशाच बिनबाह्यांच्या ब्लाउजवर ती बाहेर गेली आणि झोक्यावर बसली. दोर धरायला हात वर केले. आजूबाजूला माझ्याच हातच्या लांब बाह्या घातलेल्या बायका गात होत्या. एकेकीचं गाणं थांबलं. उन्हात सगळं दिसत होतं, काही पिवळं पडलेलं, काही हिरवं, काही अजून जांभळं. फोटोत एकसारखे करडे झालेले रंग सगळ्यांना वेगवेगळे दिसले. शेजारणीनं पुढे होऊन झोक्याला हलकेच हात दिला, आणि जाता जाता स्वतःच्या बाह्या कोपरावर दुमडल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हाही ती झोक्यावरच होती. गल्लीतल्या बायका ओट्यांवर बसल्या होत्या. तो झोक्यापाशी गेला आणि मऊ आवाजात म्हणाला, "चाल, घर चाल."

"तिले मी धाडाव नही," माय म्हणाली.

त्यानं एकदा सगळ्या ओट्यांकडे बघितलं. कोणी नजर खाली घातली नाही. मग तो हसला, मायच्या पाया पडला आणि गेला. त्या पाया पडण्याची मला जेवढी भीती वाटली, तेवढी त्यानं आरडाओरडा केला असता तर वाटली नसती. अजूनही अधूनमधून गल्लीच्या तोंडाशी त्याची मोटारसायकल उभी दिसते. तो उतरत नाही. बहीण पुढच्या खोलीत असली की मी दार ओढून घेते, आणि ती उठून ते पुन्हा उघडते.

लांब बाह्यांची फॅशन त्याच उन्हाळ्यात संपली. बहीण आता माझ्याबरोबर काम करते, सुईत दोरा स्वतः ओवते. फोटो मात्र ती काढून घेत नाही.

यंदा चैत्रात अक्कलकुव्याकडून एसटीनं एका नव्या गिऱ्हाइकाची पिशवी आली. टू बाय टू, अस्तर, मापाचा ब्लाउज. सोबत निरोप होता, पूर्ण बाही पाहिजे, गळा बंद, मनगटाला दोन हूक, माप द्यायला यायला जमणार नाही. मी मापाचा ब्लाउज उलगडला. मुंढ्यापाशी शिवण शाबूत होती आणि शेजारचं कापड टरकलं होतं. मी तो बहिणीपुढे धरला. तिनं फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं, खुंटीवरची टेप काढून माझ्या हातात दिली आणि दाराशी जाऊन चपला घालायला लागली.